रंधा आरशासारखा चमकतोय, पण लाकूड कापत नाहीये

गंजका_पाना

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो, आज गाऱ्हाणं घेऊन आलोय.

दोनेक वर्षांपूर्वी जुनी हत्यारं जमवायचा नाद लागला. आधी एक पटाशी आणली, मग एक गिरमिट, मग "बस, हा एवढा शेवटचा" असं पाच वेळा म्हणत पाच रंधे. करवती सात. पटाश्या मोजायच्या नाहीत असं घरी ठरलंय. कार्यशाळा म्हणजे जिन्याखालची जागा, आत वाकून शिरायचं आणि वाकूनच बाहेर यायचं.

गेल्या महिन्यात त्यातला एक लोखंडी रंधा काढला. चार नंबरचा, म्हणजे साडेनऊ इंचांच्या आसपास लांब आणि दोन इंच रुंद पात्याचा. मिळाला तेव्हा पाते कुठलं आणि तळ कुठला हे ओळखू येत नव्हतं, इतका गंज. सगळे भाग सुटे केले, गंज उतरवला, आतून काळा रंग मारला, पितळेची चाकी चमकवली, मुठीवरचं जुनं काळं पॉलिश खरवडून नवं केलं. तळ काचेवर पॉलिशपेपर चिकटवून घासला. पात्याला तीस अंशाची धार लावली. तीन रविवार गेले. तळात तोंड बघून दाढी करता येईल.

आणि पहिल्याच फळीवर त्याने माझी अब्रू काढली. चालत नाही, उड्या मारतो. कुठे खोल घुसतो, कुठे नुसता घसरतो. फितीसारखी ढलपी निघायच्या ऐवजी कीस निघतो आणि दोन हातांत तोंड, म्हणजे तळातली पाते डोकावतं ती फट, चोंदतं. लाकूड सरळ रेषांचं आणि मऊ आहे, त्याला दोष देता येणार नाही. पात्यावर हाताचे केस कापून पाहिले. कापत नाही, लोळवतं.

कुठे चुकतंय?

भुसाच_भुसा

तीन रविवार चमकवलात ना? मग काचेच्या कपाटात ठेवा आणि आमच्यासारखं मशीन घ्या. कानाला त्रास होतो, पण अब्रू शाबूत राहते. ;)

(गंमत बाजूला. मशीन आहे माझ्याकडे, पण रात्री नऊनंतर ते चालवलं तर घरचे मलाच रंधतील. त्यामुळे धागा वाचतोय.)

निसणा

अंदाजाने उत्तर देत नाही. आधी सांगा. तळ घासताना पाते रंध्यात बसवलेलं होतं की काढून ठेवलं होतं? चिपब्रेकर, म्हणजे पात्याच्या वर बसणारी, ढलपी वळवणारी पट्टी, पात्यावर आवळून दोन्ही उजेडासमोर धरले तर मध्ये फट दिसते का? फ्रॉग, म्हणजे पाते ज्याच्यावर बसतं तो तिरपा लोखंडी ठोकळा, जिथे टेकतो त्या जागेवर रंग बसलाय का? आणि धार लावताना मागे बर येत होती का? बर म्हणजे पात्याच्या पाठीकडे बोटाला लागणारी ती बारीक खरखरीत कडा. पूर्ण रुंदीभर येत होती की तुकड्यातुकड्यांत?

केस कापत नाही म्हणताय म्हणजे मुळात धारच नाही. बाकी सगळं त्यानंतर. पण मला शंका आहे की तुमच्याकडे एकापेक्षा जास्त भानगडी एकत्र नांदतायत.

जुनी_पेटी

मुठीवरचं "जुनं काळं पॉलिश" खरवडलंत हे वाचून जीव कळवळला. ते पॉलिश नव्हतं हो. वर्षानुवर्षांचा हाताचा घाम, तेल आणि घर्षण होतं ते. नव्या वार्निशने मूठ हातात चिकटते, बोट फिरत नाही. तासभर रंधा मारला की तळहाताला फोड येतो तो त्यानेच.

आतल्या रंगाबद्दल तर बोलतच नाही. जुन्या रंध्यांवर आत जो काळा लेप असतो त्याला जपानिंग म्हणतात. डांबरवर्गीय अस्फाल्टम, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचा तो लेप भट्टीत भाजून बसवलेला असे. तो थोडा उडाला असेल तरी राहू द्यावा. त्यावरून आणि ओतीव अक्षरांवरून रंध्याचं वय काढता येतं. लिओनार्ड बेलीची रचना स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली विकत घेतली, आणि तेव्हापासून आजपर्यंत बहुतेक लोखंडी रंध्यांचा सांगाडा तोच आहे. बदल होत गेले ते बारीकसारीक. पाते डावी-उजवीकडे कलतं करायची दांडी आली, पेटंटच्या तारखा बदलल्या, पुढची गोल मूठ बुटकीची उंच झाली. फ्रॉगच्या मागे काही अक्षरं ओतलेली होती का? की तीही रंगाखाली गेली?

माझी पद्धत साधी आहे. हत्यार घरी आलं की आधी फोटो, मग सुकं फडकं, मग तेलाचं फडकं, आणि मग आठवडाभर हात लावायचा नाही. आठवडाभरात निम्मी हौस उतरते आणि हत्यार वाचतं.

गंजका_पाना

@निसणा, तळ घासताना पाते काढून ठेवलं होतं. चिपब्रेकर आत्ताच उजेडासमोर धरला. मधोमध फट आहे, केस सहज जाईल इतकी. फ्रॉगच्या जागेवर रंग बसलाय, हो. बर नीट जाणवली नाही, कुठे आहे असं वाटतं, कुठे नाही.

@जुनी_पेटी, "PAT" अशी तीन अक्षरं आणि पुढे काहीतरी होतं. आता नाही. बेताल घासलं. माफी.

जुनी_पेटी

माफी माझी मागू नका, त्याची मागा.

डावखुरी

गंज कशाने काढलात हे कोणीच विचारलं नाही, म्हणून विचारते. तीन रविवारांपैकी दोन तिथेच गेले असणार.

गंजका_पाना

व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला होता. एक रात्र ठेवायचा होता, पण बाहेरगावी जावं लागलं. चार दिवस राहिला. बाहेर काढला तेव्हा राखाडी आणि खरबरीत झाला होता, म्हणून मग घासत बसलो.

डावखुरी

तेच म्हटलं. व्हिनेगर आम्ल आहे, ते गंज खातं आणि गंज संपला की खालचं लोखंड खायला घेतं. रात्रभर ठीक, तेही मधूनमधून बघत. काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं, लगेच कोरडं करायचं आणि तेल लावायचं. नाहीतर डोळ्यांदेखत तासाभरात पुन्हा केशरी होतं.

मी बहुतेक वेळा वीज वापरते. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, लिटरमागे दहा-बारा ग्रॅम धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर. चार्जरची ऋण तार हत्याराला, धन तार टाकाऊ लोखंडाच्या पत्र्याला, आणि दोघं एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. हे उलटं जोडलंत तर पत्रा वाचेल आणि हत्यार विरघळेल, म्हणून स्विच लावण्याआधी दोनदा बघायचं. तारा हलवायच्या त्या चार्जर बंद करून. पत्र्याकडे तोंड असलेली बाजू आधी स्वच्छ होते, म्हणून मध्ये एकदा फिरवायचं. सकाळी काढलं की वर काळा लगदा दिसतो, तो पितळी ब्रशने निघून जातो. चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं. तुमची ती "PAT" सुद्धा राहिली असती.

दोन गोष्टी मात्र डोक्यात ठेवा. पत्रा स्टेनलेसचा घेऊ नका. "तो गंजत नाही, म्हणजे टिकेल" असा मोह होतो, पण त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते षट्संयुजी रूपात विषारी असतं. दुसरं, हत्यारावरून जे बुडबुडे येतात तो हायड्रोजन आहे. बंद जागेत, म्हणजे जिन्याखाली तर मुळीच नाही. उघड्यावर ठेवा आणि जवळ ठिणगी नको. अ‍ॅल्युमिनियमचे भाग सोड्यात टाकू नका, ते खाऊन टाकतं.

आणि जुना रंग कोरडा घासला असेल तर पुढच्या वेळी ओला घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं.

तिरपा_दाता

सात करवती असं ओझरतं म्हणून पुढे गेलात! त्यांचं काय केलंत? त्याही व्हिनेगरमध्ये??

गंजका_पाना

एक. फक्त एक.

तिरपा_दाता

पातळ कडक पोलादाला आम्लात टाकू नका, ते ठिसूळ होऊ शकतं. करवतीचं पाते सपाट फळीवर झोपवायचं, रॉकेल ओतायचं आणि दाढीच्या पात्याची खरवडणी अगदी पडती धरून गंज उचलायचा. मग लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून लांबीच्या दिशेने घासायचं. पात्यावर कंपनीचं कोरीव नक्षीकाम असतं, पहिल्यांदा नुसता काळपट डाग दिसतो. ठोकळा असेल तर ती नक्षी वाचते, बोटांनी घासलंत तर जाते.

आता दाते. धाग्याचा विषय रंधा आहे हे माहीत आहे, पण कोणी करवतीचं नाव काढलं की मला राहवत नाही. लोक करवतीला धार लावायला घाबरतात, आणि खरं तर सगळ्या हत्यारांत तीच सोपी. तिकोनी कानस घ्या, तिचे तिन्ही कोन साठ अंशांचे असतात, म्हणजे दोन दात्यांमधली खाच आपोआप बरोबर पडते. आधी एक सपाट कानस दात्यांच्या टोकांवरून सरळ फिरवायची. आखूड दाते, उंच दाते सगळे एका रेषेत येतात आणि प्रत्येक टोकावर एक इवलासा चपटा ठिपका उमटतो. खिडकीकडे तोंड करून बसलात तर तो चमकतो. मग तिकोनी कानस प्रत्येक खाचेत दोन, फार तर तीन वेळा. ठिपका अर्धा झाला, अजून एकदा, गेला. गेला त्या क्षणी थांबायचं. तो ठिपका हाच गुरू. पुढचा फटका मारलात तर तो दाता शेजाऱ्यापेक्षा आखूड झाला.

लांबीला चिरायच्या करवतीत कानस पात्याला काटकोनात, दाते पटाशीसारखे. आडवं कापायच्या करवतीत कानस पंधरा-वीस अंश तिरपी, एकाआड एक उलट बाजूने, दाते सुरीच्या टोकासारखे. (माझं नाव तिथूनच.) इंचाला पाच-सहा दाते असतील तर बहुधा चिरायची, आठ-दहा असतील तर बहुधा आडवी कापायची. "बहुधा" अशासाठी की आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते भिंगातून बघितल्याशिवाय कळत नाही.

बरं, चालू द्या रंध्याचं.

निसणा

चालू देतो.

गंजका_पाना, तीन गोष्टी करा, याच क्रमाने.

फ्रॉगखालचा आणि फ्रॉगच्या तोंडावरचा रंग पूर्ण खरवडून काढा. तिथे लोखंडाला लोखंड टेकलं पाहिजे. रंगाच्या गादीवर पाते थरथरतं, त्याच तुमच्या उड्या.

चिपब्रेकरची पुढची कडा काचेवरच्या पॉलिशपेपरवर घासा. मागचं टोक कागदाच्या पातळीपेक्षा जरा खाली धरा, म्हणजे फक्त अगदी पुढची कड टेकेल आणि ती पात्याला घट्ट बसेल. फट राहिली की पहिलीच ढलपी तिच्यात घुसते, दुसरी तिच्यावर चढते, आणि तोंड चोंदतं. मग लोक म्हणतात तोंड लहान आहे, आणि कानस घेऊन तोंड मोठं करतात. तुम्ही नाही ना केलंत?

तळ पुन्हा तपासा, या वेळी पाते आणि चिपब्रेकर बसवून, वरची कॅप आवळून, फक्त धार आत ओढून. कॅपच्या दाबाने ओतीव लोखंड किंचित वाकतं. पाते काढून सपाट केलेला तळ पाते बसवल्यावर सपाट राहीलच असं नाही. तळावर पेनने आडव्यातिडव्या रेघा मारा आणि चार हात घासा. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक इथल्या रेघा पुसल्या गेल्या की पुरे. मध्ये कुठे खळगा राहिला तर राहू दे. आरसा करायचा नाही.

केलंत की कळवा.

लाकडीच_बरा

लाकडी रंधा घेतला असता तर ना फ्रॉग, ना चाकी, ना रंग. एक ठोकळा, एक पाचर, एक पाते. मागून हातोडीची टिचकी मारली की पाते मागे येतं, पात्यावर मारली की पुढे जातं. मेरी रोझ हे इंग्लंडचं लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली वर काढलं. त्यावरच्या सुतारांच्या सामानात रंधे सापडले, लाकडी. आजच्या सुताराच्या हातात दिले तर कुठून धरायचे हे त्याला सांगावं लागणार नाही.

भुसाच_भुसा

साडेचारशे वर्षं पाण्यात राहूनही कोणी त्यांना व्हिनेगरमध्ये टाकलं नाही हे त्यांचं नशीब.

पहिली_पटाशी

सगळं समजत नाहीये, पण छान वाचतेय. अगदी नवीन आहे. जुन्यातलं काय काय घ्यावं सुरुवातीला? आणि कुठलं घेऊ नये?

निसणा

दोन पटाश्या, अर्ध्या इंचाची आणि पाव इंचाची. एक रंधा, चार किंवा पाच नंबर. एक बारीक दात्यांची करवत. एक गुण्या. आणि या सगळ्याच्या आधी धार लावायचा दगड. बस. यांनी एक पेटी बनवा, मग पुढचं विचारा.

जुनी_पेटी

घेताना पटाशीची पाठ बघा. धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या. वरचा गंज भीतीदायक दिसतो पण निघतो, खड्डे निघत नाहीत. करवत डोळ्याच्या रेषेत धरून बघा, वाकलेली असेल तर नको. रंध्याचा तळ आणि बाजूच्या भिंती तोंडापाशी तडकलेल्या असतात, तिथे नखाने चाचपा. आणि चाकी, स्क्रू, दांडी जागेवर आहेत का ते बघा. जुन्या रंध्यांच्या स्क्रूंचे आटे चमत्कारिक मापांचे आहेत, बाजारातला कुठलाही स्क्रू बसत नाही. पाते पुढे-मागे करायची ती पितळी चाकी तर डाव्या आट्याची असते. घट्ट बसलीय म्हणून नेहमीच्या दिशेने जोर लावाल तर आणखी आवळाल.

लाकडीच_बरा

हातोडी घेतलीत आणि डोकं हलत असेल तर कोणी सांगेल पाण्यात भिजत घाला. घालू नका. लाकूड फुगतं, पण भोकात जागा नाही म्हणून स्वतःलाच दाबून घेतं. वाळलं की आधीपेक्षा ढिलं. दांडा काढा, नवीन बसवा, पाचर मारा. पटाशीच्या किंवा छिन्नीच्या डोक्यावर लोखंड फुलासारखं पसरलेलं असेल तर ते आधी घासून काढा. त्याच्या कपच्या उडतात, डोळ्याच्या उंचीवर.

गंजका_पाना

(चार दिवसांनी)

केलं सगळं. फ्रॉगखालचा रंग काढला, उड्या जवळजवळ थांबल्या. चिपब्रेकरची फट गेली, आता उजेड दिसत नाही, तोंड चोंदत नाही. तळही तुम्ही म्हणालात तसा केला. मागचं टोक खरंच टेकत नव्हतं.

पण कापत अजूनही नाही. म्हणजे कापतो, पण ढकलावं लागतं, आणि फळीवर उलट्या दिशेने उचकटल्यासारखे खड्डे पडतात. काल रात्री पात्याला दोनदा धार लावली. १००० चा दगड, मग ४०००, मग ८००० (आकडा वाढतो तसा दगड बारीक). उतार आरशासारखा. केस अजून लोळतायत. मला वाटतं पातेच खराब आहे. बदलू का?

निसणा

थांबा. पाते नका बदलू. मघाशी विचारायला हवं होतं ते राहिलं. पात्याची *पाठ* कशी साफ केलीत?

गंजका_पाना

पाठही चमकतेय! ड्रिलला बफिंगचं कापडी चाक लावलं, त्यावर हिरवी पेस्ट. दहा मिनिटांत आरसा झाला.

तिरपा_दाता

अरेरे.

डावखुरी

अरेरे +१

निसणा

सापडलं.

धार म्हणजे दोन सपाट पृष्ठं जिथे भेटतात ती रेघ. उतार हे एक पृष्ठ, पाठ हे दुसरं. तुम्ही उतारावर रात्री जागवल्यात आणि पाठ कापडी चाकावर धरलीत. कापड मऊ, ते कडेवरून खाली वळतं आणि कडेला गोलवा देतं. तुमची पाठ आता सपाट नाही, शेवटचा एखादा मिलीमीटर खाली वळलाय. दगडावर पाठ ठेवलीत की दगड मागच्या भागाला टेकतो, टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून बर तुकड्यातुकड्यांत येते, आणि आली तरी पाठीकडून निघत नाही.

खात्री करून घ्या. स्टीलची पट्टी पात्याच्या पाठीवर उभी धरा, टोकापर्यंत, आणि मागे दिवा. टोकाशी उजेडाची बारीक कोर दिसेल. चमक बघून कळणार नाही. गोल पृष्ठही चमकतं आणि सपाटही. फरक असा की सपाट पाठीत खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब टोकापर्यंत सरळ दिसतं आणि गोल पाठीत शेवटी वाकून पळतं.

गंजका_पाना

पळतंय. खिडकीचा गज टोकाशी येऊन चक्क मासोळीसारखा वळतो.

आता?

डावखुरी

दोन रस्ते. सोपा रस्ता पट्टीचा, डेव्हिड चार्ल्सवर्थ या इंग्लिश कारागिराने लोकप्रिय केलेला. दगडाच्या एका कडेवर अर्धा मिलीमीटर जाडीची स्टीलची पट्टी ठेवायची, पात्याची पाठ मागून तिच्यावर टेकवायची आणि धारेचं टोक दगडाच्या दुसऱ्या कडेला घासायचं. पाते अर्ध्या अंशाच्या आसपास उचललं जातं, त्यामुळे फक्त टोकाजवळची बारीक पट्टी घासली जाते. सगळी पाठ सपाट करायची गरज उरत नाही. फक्त रंध्याच्या पात्याला हं. पटाशीला कधीच नाही, तिची पाठ सरळ हवी, तीच तर तिला वाट दाखवते.

निसणा

पट्टी चांगली, पण कापडी चाकाने किती वळवलंय त्यावर आहे. गज मासोळीसारखा वळत असेल तर अर्ध्या अंशाने भागणार नाही. दुसरा रस्ता धरा. पात्याचं टोक काटकोनात घासून दीड-दोन मिलीमीटर मागे न्या, गोल भाग पूर्ण जाईपर्यंत. मग पंचवीस अंशाचा उतार नव्याने पाडा आणि टोकाशी तीस अंशाची बारीक कड. पाठ दगडावर पूर्ण टेकवून, बोटांनी टोकाजवळ दाब देऊन घासा. शेवटचा इंचभर सपाट झाला की थांबा.

उतार ग्राइंडरच्या चाकावर पाडणार असाल तर एकच काळजी. जुनं पाते साध्या कार्बन पोलादाचं असतं. साधारण दोनशे वीस अंश सेल्सिअसला त्यावर वाळक्या गवतासारखा पिवळा रंग चढतो, तीनशेच्या आसपास निळा. निळा दिसला की तेवढं पोलाद मऊ पडलं, त्याला धार टिकणार नाही, तेवढं घासून फेकायचं. टोक पातळ असतं म्हणून तेच आधी तापतं. हातमोजे घालू नका. बोटांना चटका बसण्याआधी पाण्यात बुडवा, दर दोन-तीन सेकंदांनी. घाई वाटत असेल तर हाताने दगडावरच करा. तास लागेल, पण पाते जळणार नाही.

जुनी_पेटी

मी आठवडाभर हात लावू नका म्हणते ते याच्यासाठीच.

भुसाच_भुसा

म्हणजे चमकवलं नसतं तर चाललं असतं?

निसणा

गंजका असताना कदाचित जास्त बरा चालला असता. पण राग धरू नका. मी सुरुवातीला माझ्या सगळ्यात चांगल्या पटाशीची पाठ अशीच गोल केली होती. ती पटाशी आता पाऊण इंच आखूड आहे.

डावखुरी

मूठ नव्याने करणार असाल तर वार्निश काढा आणि जवसाचं तेल पातळ चोळा. आणि ते तेल पुसलेलं फडकं गोळा करून जिन्याखाली टाकू नका!! जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन वाळतं आणि त्यात उष्णता सुटते. चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून बाहेर वाळत घाला, किंवा पाण्यात बुडवा. चुकून एकदा माझ्या बादलीतून धूर आला होता, म्हणून दोन उद्गारचिन्हं.

गंजका_पाना

(पुढच्या रविवारी, उशिरा)

हाताने केलं, चाकाला हात लावला नाही. शनिवारी दुपारभर आणि आज सकाळी. आधी पात्याचं टोक दगडावर उभं धरून घासलं. स्वतःच्या हाताने धार मारताना विचित्र वाटतं. कडेवर पांढरी रेघ उमटली, ती रुंद होत गेली, मग नवा उतार पाडायला घेतल्यावर तीच रेघ हळूहळू बारीक होत आली. तिरपा_दाता यांचा तो ठिपका आठवला. रेघ गेली त्या क्षणी पाठीमागे बोट फिरवलं आणि बर होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, न तुटता. दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं की बर म्हणजे नेमकं काय.

पाठीचा फक्त शेवटचा इंच सपाट झालाय, तोही करडा, आरसा नाही. वर बफिंगचा जुना चकचकाट तसाच आहे. दोन रंगांचं पाते झालंय, दिसायला अगदीच गबाळं.

चिपब्रेकर धारेपासून अर्ध्या मिलीमीटरवर ठेवला. पाते पूर्ण आत घेतलं, रंधा फळीवर मारत मारत चाकी पाव-पाव वळसा फिरवली. पहिल्या चार हातांत काहीच नाही. पाचव्याला आवाज बदलला. खर्र नाही, सुस्स असा, कापड फाटल्यासारखा. तोंडातून ढलपी वर आली, पातळ, फळीइतकी लांब, आणि माझ्या मनगटावर गुंडाळली गेली. फळीवर हात फिरवला तर थंड लागली.

निसणा

तिथेच चिपब्रेकर आणखी जवळ आणून बघा. उलट्या रेषेच्या लाकडावर ०.१ ते ०.२ मिलीमीटरवर. कावाई आणि काटो यांनी यामागाता विद्यापीठात हे चित्रफितीत दाखवलंय, ढलपी चिपब्रेकरला आपटून मोडते आणि लाकूड उचकटायच्या आत वळते. डोळ्याने मापता येणार नाही. धारेची जेमतेम चमकती रेघ उरेल इतपत.

गंजका_पाना

करून बघतो, पण दुसरी फळी आणावी लागेल. ही पाऊण इंचाची होती, थांबावंसंच वाटलं नाही, आता अर्धा इंच उरलीय. शेल्फसाठी आणली होती.

पहिली_पटाशी

मी अर्ध्या इंचाची पटाशी घेतली! पाठीवर खड्डे नाहीत. गंज आहे. आठवडाभर थांबतेय.

जुनी_पेटी

@पहिली_पटाशी, शाब्बास. फोटो काढलेत?

@गंजका_पाना, तुमच्याकडे अजून चार रंधे आहेत ना. त्यांच्या फ्रॉगमागची अक्षरं वाचून इथे टाका. आत्ता, काहीही करण्याआधी.

गंजका_पाना

टाकतो. एकावर "APR" आणि "10" दिसतंय, मधलं गंजात आहे. फक्त सुक्या फडक्याने पुसलंय, शपथ.